४० हजारात गावात गेमिंग पीसी: आधी भिंतीतला सॉकेट बघ, मग ग्राफिक कार्ड

तुझा प्रश्न मी असा समजलो, की बाबांनी सोयाबीन विकून ४० हजार दिले, त्याच्या वर मागायची सोय नाही, घरी ३२ इंची टीव्ही आहे तोच सध्या स्क्रीन म्हणून वापरायचा, व्हॅलोरंट आणि जीटीए ५ आत्ता खेळायचंय, रेड डेड २ समोर चालून, आणि कॉलेजचं कोडिंग पण त्याच मशीनवर. तालुक्यातल्या दुकानदारानं ३८ हजाराचं कोटेशन दिलं, "आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक, आरजीबी कॅबिनेट", आणि तू विचारून राहिला की घेऊ का.

नको घेऊ भाऊ. काहून ते सांगतो. मी १४ वर्षांपासून यवतमाळ जिल्ह्यात हेच काम करतो, नवीन मशीन बसवून देतो आणि बंद पडलेल्या उघडतो, आणि माझ्या टेबलावर येणाऱ्या अर्ध्याअधिक मशीन खेड्यातल्या असतात. त्यातल्या बऱ्याच अशाच कोटेशनच्या असतात.

तुझ्या कोटेशनचा फोटो मी मोठा करून पाहिला, तो आय७ म्हणजे ३७७० आहे, २०१२ चा. नाव आय७ असलं तरी तो तिसऱ्या पिढीचा, डीडीआर३ रॅमवाला आहे, आणि त्याच्यावर विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या नियमात बसत नाही, त्यासाठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा रायझनचा २००० सिरीजचा, नाहीतर त्याच्या समोरचा प्रोसेसर लागते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) मागते, म्हणजे जुगाड करून ११ टाकलं तरी नेमका तुझाच गेम अडते. दुसरं ते "४ जीबी ग्राफिक", ते जीटी ७३० आहे, २०१४ चं कार्ड. ४ जीबी ऐकून आपल्याला वाटते लय मोठं असेल, पण ही टाकी मोठी आणि पाइप अर्ध्या इंचीचा अशी गत आहे. त्याची ६४ बिटवाली डीडीआर३ मेमरी सेकंदाला १४.४ जीबी डेटा सोडते, आणि आरएक्स ६६०० सारखं आजचं साधं बजेट कार्ड २२४ जीबी सोडते. गेमला पाइप लागते, नुसती टाकी काय करायची.

आता मुख्य गोष्ट. शहरातला पोरगा बजेट करते तेव्हा ग्राफिक कार्डापासून सुरू करते, तुला गावात भिंतीतल्या सॉकेटपासून सुरू करावं लागते. मी हे अनुभवावरून सांगतो. २०१९ च्या जूनमधे पहिल्या वादळी पावसात आमच्याकडच्या एका गावात डीपीजवळ न्यूट्रल (विजेची परतीची वायर) तुटला. न्यूट्रल तुटला की घरात २३० च्या जागी दोन फेजच्या मधातलं व्होल्टेज घुसू शकते, पार ४०० पर्यंत. त्या गल्लीत मी बसवलेली दोन मशीन होती. एका घरी बजेट कमी पडलं म्हणून मी कॅबिनेटसोबत फुकट आलेली पॉवर सप्लाय राहू दिली होती, ती गेली आणि जाताना मदरबोर्ड, हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेली. दुसऱ्या घरी बरी सप्लाय होती, ती पण मेली, पण आत धक्का गेला नाही, नवीन सप्लाय लावली आणि मशीन चालू झालं. पहिल्या घरातल्या पोरीचा कॉलेजचा सगळा प्रोजेक्ट त्या डिस्कमधे होता. तेव्हापासून कॅबिनेटसोबत आलेली सप्लाय मी कोणाच्याही मशीनमधे ठेवत नाही, गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालते.

म्हणून पॉवर सप्लाय कशी घ्यायची ते नीट ऐक. दुकानात डब्यातून बाहेर काढायला लाव, उलटी कर आणि बाजूचं स्टिकर वाच. तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, इनपुटच्या पुढे काय लिहिलंय. काहींवर २००-२४० व्होल्ट असते आणि काहींवर १००-२४०. आपल्याला १००-२४० वालीच पाहिजे, कारण रब्बीत गव्हा-हरभऱ्याला पाणी सुरू झालं, सगळ्या मोटरा लागल्या, नाहीतर संध्याकाळी पिठाची चक्की सुरू झाली की बल्ब पिवळा पडते ना, तेव्हा लाइन १७०-१८० वर आलेली असते, आणि २००-२४० वाली सप्लाय तिथं गेमच्या मधात मशीन बंद करून टाकते. दुसरी, १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत. डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट असेल पण स्टिकरवर १२ व्होल्टला १८ अँपिअर असतील तर १२ गुणिले १८, झाले २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही त्या १२ व्होल्टवरच जगतात, त्यामुळे खरी ताकद तेवढीच. चांगल्या ५५० वॅटवालीत हाच आकडा ४० च्या वर असते. तिसरी, ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया जाते याचा) शिक्का आणि कमीत कमी ३ वर्षाची वॉरंटी, ५ मिळाली तर आणखी बरं. हातात घेऊन वजन पण कर, हलकी फुलकी असेल तर आत तांबं-लोखंड कमी आहे समज.

हे घेऊन पण न्यूट्रल तुटल्याचा मार कोणतीच सप्लाय झेलत नाही, त्यासाठी वायरमनला सांगून घराच्या बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लावून घे, तो जास्त व्होल्टेज आलं की लाइन तोडते आणि टीव्ही-फ्रिज पण वाचवते. म्हणजे बाबांनाही पटेल.

आणि अर्थिंग. हे कोणीच विचारत नाही म्हणून मीच सांगतो. कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला टेस्टर लावून पाहिलं आणि लाल लाइट लागला, किंवा पायात चप्पल नसताना हात लागल्यावर झिणझिण्या आल्या, तर तुझ्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकात अर्थिंग नुसतं नावाला आहे. सप्लायच्या आत फिल्टर असते, अर्थ नसली की तो कॅबिनेटच्या पत्र्यावर लाइनच्या जवळपास अर्धं व्होल्टेज आणून ठेवते. करंट अगदी कमी असते, पण तू टीव्हीला एचडीएमआय लावशील तेव्हा ते त्या वायरीतून वाट शोधते आणि पोर्ट जाळते. अशे जळलेले पोर्ट मी किती पाहिले. तर वायरमनकडून खड्डा, मीठ-कोळसा करून अर्थिंग घालून घे, उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्यातून बादलीभर पाणी टाकत जा. टू-पिनचं कन्व्हर्टर लावून तर मशीन चालवूच नको.

इन्व्हर्टर घरी आहे म्हणाला. त्याच्या मागे एक बटन असते, एकीकडे यूपीएस आणि दुसरीकडे इको किंवा नॉर्मल. इकोवर असलं की लाइट गेल्यावर तो बदलायला थोडा वेळ घेते, फॅनला कळत नाही पण कॉम्प्युटर रिस्टार्ट होते. यूपीएसवर टाकलं की रिस्टार्ट होत नाही, पण मग लाइन साधारण १८० च्या खाली गेली की तो बॅटरीवर जाते, म्हणजे कमी व्होल्टेजच्या दिवसात संध्याकाळभर बॅटरीच संपत राहते आणि रात्री खरा लाइट गेला तर फॅनला काही उरत नाही. घरात म्हातारी माणसं, लहान लेकरं असतील तर हे आधी घरच्यांशी बोलून घे. आणि इन्व्हर्टर साइन वेव्ह आहे का स्क्वेअर वेव्ह ते पाहा, स्क्वेअर वेव्हवर आजकालच्या अ‍ॅक्टिव्ह पीएफसी सप्लाय घूं घूं आवाज करतात, काही तर सरळ बंद पडतात. तसं असेल तर मशीनसाठी वेगळा छोटा यूपीएस घे, ६०० व्हीएचा साधारण ३६० वॅट देते, सेव्ह करून बंद करायला तेवढा बस.

आता प्रोसेसर. इथंच माझं मत बाकीच्यांपेक्षा थोडं वेगळं आहे. ४० हजारात बहुतेक जण तुला सांगतील, आय३ १२१००एफ घे किंवा रायझन ५ ५६०० घे आणि उरलेले सगळे कार्डात टाक. फ्रेमच्या (गेम सेकंदाला किती चित्रं दाखवते त्या) हिशेबानं ते बरोबर पण आहे. पण मी तुला रायझन ५ ५६००जी सांगतो, आणि कार्ड आत्ता नको, पुढच्या हंगामाला. कारण एक तर त्याच्यात ग्राफिक आतच आहे, वेगा ७. व्हॅलोरंट लो सेटिंगवर आरामात १०० फ्रेमच्या वर चालते, जीटीए ५ नॉर्मल सेटिंगवर खेळता येते. रेड डेड २ साठी मात्र ७२० पी आणि सगळं लो करावं लागेल, तो खरा मजा देणार कार्ड आल्यावरच. दुसरं, पूर्ण मशीन गेम खेळताना १००-१२० वॅटच्या आसपास राहते, म्हणजे तुझ्या घरच्या इन्व्हर्टरला झेपते.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते. १२१००एफ मधला एफ आणि साध्या ५६०० मधे आत ग्राफिकच नसते. कार्ड बिघडलं तर स्क्रीनवर काहीच येणार नाही. शहरात पोरगा गाडीवर कार्ड घेऊन सर्व्हिस सेंटरला जाते, तुझं कार्ड आधी यवतमाळ, मग नागपूर, तिथून कंपनीकडे, आणि परत येता येता तीन आठवडे, महिना कुठंच गेला नाही. तेवढे दिवस तुझं कोडिंग, सबमिशन सगळं बंद. ५६००जी असलं तर वायर मदरबोर्डाला लावली की काम चालू. आमच्या एका पोराचं परीक्षेच्या आधी असंच झालं होतं, त्याच्या मशीनमधे एफवाला प्रोसेसर होता, शेवटी माझ्याकडचं जुनं कार्ड मी त्याला काढून दिलं.

५६००जीत कमतरता आहेत त्या पण सांगतो. ५६०० मधे एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी आहे, ह्याच्यात १६, त्यामुळे पुढे कार्ड लावल्यावर काही गेममधे थोडे फ्रेम कमी मिळतील. आणि हा पीसीआय ३.० वरच (कार्ड आणि प्रोसेसरमधला जुना रस्ता) चालते, त्याचा एक सापळा आहे, आरएक्स ६५०० एक्सटी नावाचं कार्ड स्वस्तात दिसेल, ते चारच लेन वापरते आणि मेमरी ४ जीबीच, पीसीआय ३.० वर ते गुदमरते. ते नको. आरएक्स ६६०० घे, ते आठ लेनचं आहे, ८ जीबीचं आहे, १३२ वॅट खाते, ३.० वर थोडंफारच कमी होते. आणि ५५० वॅटची सप्लाय आत्ताच घेतलेली असेल तर त्या दिवशी फक्त कार्ड बसवायचं, बाकी स्क्रू पण हलवायचा नाही.

मदरबोर्ड ए५२० पुरतो, बी५५० थोड्या फरकात मिळाला तर तो घे, त्याच्यावर पुढे पीसीआय ४.० मिळेल, समजा उद्या जुना ५६०० किंवा ५७००एक्स हाती लागला तर फायदा होईल. जुन्या स्टॉकचा बी४५० देऊन राहिले तर बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करूनच दे म्हणा, नाहीतर ५००० सिरीजचा प्रोसेसर तो ओळखणारच नाही आणि तू घरी काळा स्क्रीन पाहत बसशील. एएम५ चं (रायझनच्या नव्या सॉकेटचं) नाव कोणी काढलं तर सध्या सोड, त्याला डीडीआर५ लागते.

रॅमचं मन लावून वाच, कारण ५६००जीला स्वतःची ग्राफिक मेमरी नाही, तो तुझ्या रॅममधूनच पाणी ओढते. ३२०० स्पीडच्या रॅमची एक काडी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन काड्या लावल्या की ५१.२. त्यामुळे १६ ची एक काडी कधीच नको, ८ च्या दोन. दुकानदार म्हणेल की एकच लावा, समोर वाढवता येते, ऐकू नको, फ्रेममधला फरक डोळ्याला दिसते. बसवल्यावर बायोसमधे जाऊन एक्सएमपी किंवा डीओसीपी (रॅम पूर्ण स्पीडवर चालवायची सेटिंग) चालू करायचं, नाहीतर बऱ्याच काड्या २४०० किंवा २६६६ वरच चालत राहतात आणि माणसाला वर्षभर पत्ता लागत नाही. टास्क मॅनेजरमधे मेमरीवर क्लिक केलं की स्पीड दिसते. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत, एआयच्या सर्व्हरसाठी कंपन्यांचा माल तिकडे चाललाय म्हणून. तुझ्या बजेटला सगळ्यात जास्त इथंच बसेल, त्यामुळे डीडीआर४ रॅम जुनी घेतली तरी मला चालते. रॅम सहसा खराब होत नाही, फक्त मेमटेस्ट (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) रात्रभर लावून ठेव, एक जरी एरर आली तर परत कर असं आधीच बोलून घे.

एसएसडी ५०० जीबी एनव्हीएमई (सरळ बोर्डावर बसणारी वेगवान) घे, २५६ मधे जीटीए टाकल्यावरच जागा संपायला येते. गेम डाउनलोडचं मात्र आधीच सांगतो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर १०० जीबीच्या मागे लागू नको. कॉलेजच्या ज्या मित्राकडे फायबर आहे त्याच्याकडे तो गेम असेल तर स्टीमचं (गेम विकत घेऊन उतरवायच्या अ‍ॅपचं) फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करून आण, आपल्या स्टीमच्या जागी टाक आणि इन्स्टॉल दाब, ते आहे त्या फाइल तपासते आणि उरलेलंच खाली उतरवते. गेम तुझ्या अकाउंटवर विकत घेतलेला पाहिजे, तेवढं आलंच.

कॅबिनेट. समोर काच असलेलं दिसायला छान असते, पण आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५-४६ असते आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी ४० च्या वर. खोली १० डिग्रीनं तापली की आतला चिप पण तेवढाच वर जाते, हे गणित कुठल्याच लाइटिंगनं बदलत नाही. समोर जाळी असलेलं, धुळीचा फिल्टर निघून धुता येईल असं घे, पुढे दोन पंखे आत ओढणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, म्हणजे आत हवा जास्त येते आणि धूळ फटीतून कमी शिरते. प्रोसेसरसोबत आलेला पंखा पुरतो, वेगळा कुलर घ्यायची गरज नाही.

आणि तुमच्या घरी भाव येईपर्यंत कापूस खोलीतच भरून ठेवत असाल तर मशीन त्या खोलीत नको. एकदा फेब्रुवारीत एक मशीन आलं, दोन मिनिटात गरम होऊन बंद पडून राहिलं होतं. पंख्याचे चार स्क्रू काढले, पंखा उचलला, तर खाली हीटसिंकवर रुईच्या तंतूंचा पांढरा थर, बोटानं एका कोपऱ्यातून धरून ओढला तर अख्खा चौकोन गोधडीच्या तुकड्यासारखा हातात आला. खालची अ‍ॅल्युमिनियमची पाती तोवर दिसतच नव्हती. वारा जायला जागाच नव्हती बिचाऱ्याला. तर तीन महिन्यातून एकदा उघडून साफ कर, पंख्याचं पातं बोटानं धरून मग ब्लोअर मार. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरवर नेऊ नको, त्या हवेत पाणी आणि तेल असते. वाळ्याच्या कुलरच्या सरळ झोतात पण ठेवू नको, ओली हवा आणि खाऱ्या पाण्याचे शिंतोडे बोर्डावर बसून हिरवा गंज चढते.

टीव्हीचं पाहा, ३२ इंची बरेच टीव्ही १३६६ बाय ७६८ चेच असतात. गेमला ते उलट बरं, वेगा ७ वर भार कमी पडते, पण कोडिंगची बारीक अक्षरं पुसट दिसतात. रिमोटनं गेम मोड लाव, नाहीतर माउस हलवला आणि पॉइंटर उशिरा आला असं वाटेल. समोर पैसे आले की कार्डाच्याही आधी २४ इंची १०० हर्ट्झचा मॉनिटर घ्यायला माझी हरकत नाही, डोळे वाचतील.

पुढे जुनं कार्ड घ्यायची वेळ आली तर हे लक्षात ठेव. सप्टेंबर २०२२ मधे इथेरियम नावाच्या डिजिटल नाण्याचं ग्राफिक कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि वर्षानुवर्षे रात्रंदिवस चाललेली कार्डं बाजारात आली. मायनिंगचं कार्ड म्हणजे खराबच असं नाही, पण पंखे आणि थर्मल पेस्ट (चिपची गर्मी हीटसिंकला देणारा लेप) संपलेली असते. आरएक्स ५८० घेताना २०४८ एसपी लिहिलेलं तर नाही ना पाहा, ते नावाचंच ५८० आहे. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून पाहा, बनावट एनव्हिडिया कार्डावर ते स्वतःच फेक म्हणून दाखवते. फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर) १५ मिनिटं समोर लावून बस, स्क्रीनवर रंगीत ठिपके आले की उठून चालायला लाग. फोटोवर आणि आधी फोनपेवर कोणालाच पैसे नाही.

नवीन सामान नागपूरला सीताबर्डीवर जाऊन घेतलं तरी चालते, ऑनलाइन घेतलं तरी चालते, पण जीएसटीचं बिल तुझ्या नावानं पाहिजे. "बिल नको असेल तर १८ टक्के वाचतात" असं म्हणणारे भेटतील, पण त्या बिलावरच तीन वर्षांची वॉरंटी उभी असते. पार्सल आलं की मोबाइल लावून डबा फोडायचा व्हिडिओ कर, सिरियल नंबरसहित. आणि डबे फेकू नको, आईनं अडगळ म्हणून काढले तरी सांग की तीन वर्षे माळ्यावर राहू दे.

जुळवायला काही अवघड नाही, एका दुपारचं काम आहे. बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे खिळे) लावल्याशिवाय बोर्ड कसू नको, प्रोसेसरची सोनेरी टिकली बोर्डावरच्या टिकलीसमोर आली की तो आपोआप बसते, दाबायचा नाही. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली आठ पिनवाली वायर बरेच जण विसरतात, मग पंखे फिरतात पण स्क्रीन येत नाही. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, दोनच खाचा असतील तर प्रश्नच नाही. पुढे कार्ड लावशील त्या दिवशी टीव्हीची वायर बोर्डातून काढून कार्डाला लाव, नाहीतर कार्ड नुसतं बसून राहील आणि गेम वेगावरच चालेल.

पावसाळ्यात ढग वाजायला लागले की पिन काढ, आणि ब्रॉडबँडची वायर पण काढ. लोक पॉवरची काढतात आणि नेटची विसरतात, वीज त्या वायरीतून येते आणि लॅन पोर्ट घेऊन जाते.

आता तू असं कर, वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घे, आणि पैसे द्यायच्या आधी पॉवर सप्लायच्या स्टिकरचा आणि रॅमच्या स्टिकरचा फोटो इथं टाक. मी दुकान बंद केल्यावर रात्री नऊच्या नंतर पाहतो.